‘नवे काही आले का?’ : संकलक सेवा आणि विचारणांची मर्यादा

१९८७ साली मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकत होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरून मनीऑर्डर यावयाची. ती घेऊन पोस्टमन दुपारी वसतिगृहात येतच असे. परंतु खानावळीचे पैसे थकलेल्या मुलाला दुपारपर्यंत दम कोठून असणार? सकाळी पोस्टाची खिडकी उघडली की आम्ही चाळीस-पन्नास जण एकामागून एक तिच्यापुढे उभे राहत असू. “मास्तर, माझी आली का?” “नाही.” “माझी?” “नाही रे बाबा.” तासाभराने त्यांतले निम्मे पुन्हा हजर. पोस्टमास्तर सोशिक गृहस्थ होते, पण तिकिटे आणि रजिस्टरे घेऊन आलेली माणसे आमच्या मागे ताटकळत. अखेर त्यांनी नियम केला, की एका मुलाने दिवसातून एकदाच विचारावे. आम्ही त्यावर तोड काढली : प्रत्येक खोलीतून एकच जण जाई आणि चौघांची चौकशी करून येई. तरीही गर्दी म्हणावी तशी हटेना. मग एके दिवशी मास्तरांनी दाराबाहेर एक दगडी पाटी टांगली आणि तीवर, ज्या खोल्यांचे काही आले असेल त्यांचे आकडे खडूने लिहिण्यास सुरुवात केली. “पाटीवर खोलीचा आकडा दिसला तरच आत यायचं,” एवढेच त्यांनी सांगितले. त्या दिवसापासून खिडकी मोकळी झाली.

ही जुनी हकीकत आठवण्याचे कारण असे. गेल्या वर्षी वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, निरनिराळ्या ठिकाणचं नवं लेखन एकाच पडद्यावर दाखवणाऱ्या सेवा मध्येच ‘मर्यादा संपली, थोड्या वेळाने पाहा’ असं का म्हणतात? त्यांच्याकडे यंत्रं कमी असतात का?” मी भाषेचा माणूस, संगणक मी उतारवयाकडे झुकल्यावर शिकलो. त्यामुळे तिला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले व समजून घेतले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. यंत्रे कमी असतात असे नव्हे. बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिडकीत किती वेळा विचारावे यावर दुसऱ्याने घातलेले बंधन आड येत असते.

प्रथम संकलक सेवा म्हणजे काय ते पाहू. एखाद्या माणसाची छायाचित्रे एका संकेतस्थळावर असतात, टिपणे दुसऱ्यावर, चित्रफिती तिसऱ्यावर. त्याच्या मित्राला हे सगळे एका जागी, ताजे, पाहावयाचे असते. ते गोळा करून आणून देणारी सेवा ती संकलक सेवा. तिच्यापाशी स्वतःचे असे लेखन फारसे नसते. इतरांच्या दारी जाऊन तिला ते मागून आणावे लागते. या मागण्याची जी ठराविक खिडकी असते तिला एपीआय म्हणतात. एका आज्ञावलीने दुसऱ्या संगणकाला कोणत्या शब्दांत काय विचारावे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळावे, याचा तो ठरलेला शिरस्ता होय. एकदा विचारणे म्हणजे एक ‘कॉल’. या लेखापुरता मी त्याला ‘विचारणा’ हा आपला साधा शब्द वापरतो.

या जातीच्या सेवांत अभ्यासाला सर्वांत उपयोगी पडणारे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फ्रेंडफीड. २००७ साली गूगलमधून बाहेर पडलेल्या चौघांनी ही सेवा काढली. त्यांपैकी पॉल बुकहाइट यांनी त्याआधी जीमेल घडविले होते, तर ब्रेट टेलर यांचा गूगल मॅप्सच्या उभारणीत वाटा होता. म्हणजे मंडळी नवखी नव्हती. फ्रेंडफीडवर सभासदाने आपली इतर ठिकाणची खाती नोंदवावयाची; पुढे त्या सर्व ठिकाणी जाऊन नवे काही आले का ते पाहणे हे फ्रेंडफीडचे काम. छायाचित्रांसाठी त्या काळी फ्लिकर हे संकेतस्थळ फार लोकप्रिय होते. साहजिकच फ्रेंडफीडच्या फेऱ्या तिकडे पुष्कळ होत.

किती होत, याचा हिशेब सुदैवाने उपलब्ध आहे. जुलै २००८ मध्ये पोर्टलंड येथे भरलेल्या ऑस्कॉन परिषदेत फ्लिकरचे केलन एलियट-मॅक्रे आणि त्यांचे सहकारी इव्हान हेनशॉ-प्लाथ यांनी एक व्याख्यान दिले. त्यात २१ जुलै २००८ या एका दिवसाचे आकडे होते. त्या दिवशी फ्रेंडफीडने फ्लिकरकडे २९ लाख वेळा विचारणा केली. ती ४५,७५४ सभासदांच्या नव्या छायाचित्रांसाठी होती. आणि या सभासदांपैकी त्या दिवशी फ्लिकरवर प्रत्यक्ष आलेले होते अवघे ६,७२१.

हे तीन आकडे वहीत उतरवून घेऊन जरा भागाकार करून पाहावा. प्रत्येक सभासदामागे दिवसाला सुमारे ६३ विचारणा झाल्या, म्हणजे दर २३ मिनिटांनी एक. फ्लिकरच्या दृष्टीने पाहिले तर सेकंदाला ३३ हून अधिक. आता जे ३९,०३३ सभासद त्या दिवशी फिरकलेच नाहीत, त्यांच्याबद्दलही सारख्याच प्रमाणात विचारले गेले असे धरले, तर सुमारे २४ लाख ७० हजार विचारणांचे उत्तर विचारण्यापूर्वीच ठरलेले होते : नवे काही नाही. उरलेल्यांतही प्रत्येकाने छायाचित्र चढविलेच असेल असे नाही, आणि चढविले तरी दर २३ मिनिटांनी कोण चढवितो? तात्पर्य, शंभरांतल्या किमान पंच्याऐंशी फेऱ्या निखालस रिकाम्या होत्या. तरीही सभासदाची तक्रार राहणारच, की माझे चित्र तेवीस मिनिटे उशिरा का दिसले? रिकाम्या फेऱ्यांचा डोंगर आणि तरीही उशीर, असा हा दुहेरी तोटा आहे. मर्यादांचा सगळा प्रश्न या एका जागी एकवटलेला आहे असे मला वाटते.

फ्लिकरसारख्या यजमानाला प्रत्येक विचारणेची किंमत पडते. उत्तर ‘नाही’ असले तरी ते शोधावे लागते, पाठवावे लागते, आणि तेवढा वेळ खिडकीवरचा दुसरा कोणी मागे थांबतो. म्हणून यजमान मर्यादा घालतो. फ्लिकरच्या सूचनांत एका किल्लीमागे ताशी ३,६०० विचारणांचा, म्हणजे सेकंदाला एकीचा, आकडा दिलेला असे. वरच्या तेहतीसशी तो ताडून पाहावा. ट्विटरने २०१२ साली जाहीर केलेल्या एपीआयच्या आवृत्तीत १५ मिनिटांची पाळी ठरविली : सभासदाच्या मुख्य पानासाठी पाळीला १५ विचारणा, शोधासाठी १८०. युट्यूबची पद्धत आणखी वेगळी. तेथे प्रत्येक विचारणेला भाव लावला गेला. दिवसाचे १०,००० एकक. साधी यादी मागितली तर एक एकक, पण शोध घेतला तर तब्बल शंभर. म्हणजे शोधच घेत बसले तर दिवसात शंभर विचारणांत थैली रिकामी.

मर्यादा मोजण्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि त्यांतील फरक समजून घेण्याजोगा आहे. पहिली पाळीची रीत. पाटाचे पाणी जसे पाळीने सुटते तशी. पाळी सुरू झाली की पूर्ण वाटा मिळतो, संपला की पुढच्या पाळीपर्यंत थांबावयाचे. हिशेबाला ही सोपी, पण तिच्यात एक भोक आहे. १८० विचारणांची पाळी संपण्यास एक मिनिट असताना कोणी आपल्या १८० विचारणा उधळल्या आणि नवी पाळी लागताच पुन्हा १८० केल्या, तर नियम न मोडता दोन मिनिटांत ३६० होतात. यजमानाला नेमका हाच लोंढा नको असतो. दुसरी रीत बादलीची. बादलीत ठराविक गतीने थेंब थेंब पडत असतात आणि प्रत्येक विचारणेला एक थेंब खर्ची पडतो. बादली भरली की वरचे थेंब वाया जातात. त्यामुळे साठलेल्या थेंबांपुरती घाई करता येते, पण एकंदर गती थेंबांच्या गतीहून वाढत नाही. घरखर्चाची सवय असलेल्यांना ही दुसरी रीत चटकन पटते.

मर्यादा कोणाच्या नावे मोजली जाते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. सगळ्या सेवेला मिळून एकच वाटा असेल तर सभासद वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. सेवा जितकी यशस्वी तितकी ती उपाशी! परंतु सभासदाने स्वतः परवानगी देऊन आपले टोकन सेवेच्या हाती दिले, आणि यजमान त्या टोकनामागे मोजू लागला, तर प्रत्येक सभासद नळावर येताना स्वतःची कळशी घेऊन येतो. ट्विटरच्या वर सांगितलेल्या मर्यादा अशाच सभासदागणिक होत्या. म्हणून नवी सेवा आखताना पहिले काम हे, की यजमानाच्या नियमांत ‘कोणामागे’ हा शब्द कोठे आहे तो शोधावा. आकडा त्यानंतर पाहावा.

आता मिळालेला वाटा पुरवावयाचा कसा? पहिला उपाय आमच्या खोलीतल्या पोरांचा. एकाच प्रसिद्ध लेखकाचे लेखन पाचशे सभासदांना पाहावयाचे असेल तर पाचशे वेळा न विचारता एकदाच विचारावे आणि उत्तर काही मिनिटे जवळ ठेवून सर्वांना दाखवावे. मात्र हा उपाय उघड लेखनापुरताच. एकाच्या टोकनावर मिळालेले खाजगी लेखन दुसऱ्याच्या पानावर गेले तर तो बेजबाबदारपणा आहे. शिवाय मूळ लेखकाने एखादा मजकूर काढून टाकला तर आपल्याजवळची प्रतही काढली पाहिजे. जवळ साठविण्याचे सुख सांगणारे पुष्कळ भेटतात, या जबाबदारीविषयी बोलणारे थोडे.

दुसरा उपाय म्हणजे एका फेरीत अनेकांचे विचारणे. ट्विटरने एका विचारणेत शंभर सभासदांची माहिती मागण्याची सोय ठेवली होती. जो ती न वापरता शंभर फेऱ्या घालील त्याने मर्यादेच्या नावाने ओरडू नये. तिसरा, शेवटचे पाहिलेले लक्षात ठेवून ‘याच्या पुढचे तेवढे द्या’ असे म्हणणे. चौथा त्याचाच भाऊबंद : यजमान उत्तरासोबत एक खूण देतो, पुढच्या वेळी ती खूण दाखवून विचारले, की ‘हे बदलले आहे का?’ बदलले नसेल तर यजमान सगळा मजकूर न पाठविता ३०४ एवढा संकेतांक पाठवितो. गिटहब या आज्ञावलींच्या भांडारात तर, परवानगीचे टोकन जोडले असल्यास, अशी ३०४ ची उत्तरे ताशी ५,००० च्या मर्यादेत धरलीच जात नाहीत. यजमानाने शहाण्या पाहुण्याला दिलेली ही सवलत मला फार आवडली.

पण या चारही उपायांनी मूळ रिकाम्या फेऱ्या कमी होतातच असे नाही. त्यासाठी कोणाला केव्हा विचारावे याचा विवेक लागतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. ताशी ६०० विचारणांची मर्यादा आहे आणि सभासद आहेत १,०००. सर्वांना समान न्याय दिला तर प्रत्येकाची पाळी १०० मिनिटांनी येते. परंतु गेल्या महिन्याची नोंद पाहिली तर शंभर जण सतत लिहिणारे, तीनशे अधूनमधून लिहिणारे आणि सहाशे क्वचित लिहिणारे निघतात. पहिल्या शंभरांना दर २० मिनिटांनी विचारले, तर ताशी ३०० विचारणा लागतात. मधल्या तीनशेंना दर ९० मिनिटांनी, त्यांच्या २००. शेवटच्या सहाशेंना सहा तासांनी एकदा, त्यांच्या १००. बेरीज तीच, ६००. पण बहुतेक नवे लेखन वीस मिनिटांच्या आत सापडू लागते. कोणी मधूनच लिहिता झाला तर त्याला वरच्या वर्गात घ्यावे, गप्प झाला तर खाली उतरवावे.

हिशेबाच्या दृष्टीने हे चोख आहे. माणसांच्या दृष्टीने मात्र मला येथे थोडे थांबावेसे वाटते. जो वर्षातून एकदा लिहितो तो बहुधा काही कारणानेच लिहितो. घरात बाळ जन्मले, कोणी गेले, गाव सोडले. सहा तासांच्या वर्गात बसविलेला हा माणूस आपली सर्वांत महत्त्वाची बातमी सांगतो तेव्हाच सेवा नेमकी तिकडे पाठ फिरवून बडबड्यांच्या दारी उभी असते. यावर अंशतः उपाय आहे. मर्यादेतला, समजा, एक दशांश वाटा राखून ठेवावा आणि जेव्हा एखादा सभासद स्वतः पान उघडून बसतो तेव्हा त्याच्या जवळच्या माणसांविषयी, ती कोणत्याही वर्गातली असोत, त्या राखीव वाट्यातून लगेच विचारावे. पडद्यासमोर बसलेल्या माणसासाठी केलेली फेरी आणि कोणी पाहत नसताना यंत्राने घातलेली फेरी यांची किंमत सारखी धरणे हे माझ्या मते या धंद्यातले सर्वांत सामान्य अज्ञान आहे.

आणखी एक व्यावहारिक खाचखळगा. मोठ्या सेवेत विचारणा करणारी यंत्रे अनेक असतात. दहा यंत्रांनी प्रत्येकी ‘माझ्याजवळ ६०० आहेत’ असे समजून काम सुरू केले तर सहा मिनिटांत सगळ्यांचा मिळून वाटा संपतो आणि उरलेली चोपन्न मिनिटे दहाही यंत्रे हात चोळीत बसतात. म्हणून खर्चाची खतावणी एकच हवी आणि फेरीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने तीत नोंद केली पाहिजे. यजमानही उत्तरासोबत एकूण वाटा, शिल्लक आणि नवी पाळी लागण्याची वेळ असे आकडे बहुधा पाठवितो. त्यांच्याशी आपली खतावणी ताडून पाहावी. तफावत निघाल्यास यजमानाचा आकडा खरा मानावा, कारण किल्ली त्याच्या हाती असते.

इतके करूनही नकार येतोच. एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणपत्रकाने या नकाराला ४२९ हा संकेतांक नेमून दिला. अर्थ, ‘फार विचारणा झाल्या’. त्यापूर्वी ट्विटर काही काळ ४२० हा आकडा पाठवीत असे, सोबत १९९३ च्या एका इंग्रजी चित्रपटातून उचललेले, ‘जरा शांत व्हा’ अशा अर्थाचे वाक्य. आपल्याकडे चारशे वीस म्हटल्यावर जे मनात येते ते त्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही नसावे! असो. ४२९ सोबत ‘इतक्या सेकंदांनी या’ असेही सांगण्याची सोय आहे. तसे सांगितले असेल तर तितके थांबावे. सांगितले नसेल तर एक सेकंद थांबून विचारावे, पुन्हा नकार आला तर दोन, मग चार, मग आठ, असा थांबा दुप्पट करीत जावे. आणि त्यात थोडा यदृच्छेचा अंश मिसळावा. कोणी तीन सेकंद थांबावे, कोणी पाच. सर्व यंत्रे नेमकी आठव्या सेकंदाला परतली तर खिडकीवर पुन्हा तीच झुंबड उडेल. ही युक्ती संकलक सेवांनी शोधलेली नव्हे. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७६ साली इथरनेटवर जो निबंध लिहिला, त्यात एकाच तारेवर एकदम बोलू लागलेल्या यंत्रांनी यदृच्छेने थांबून पुन्हा बोलावे आणि टक्कर होत राहिल्यास थांबण्याची मुदत वाढवीत जावे, हे तत्त्व आलेले आहे.

आता पुन्हा फ्रेंडफीडकडे वळू. २९ लाख फेऱ्यांचे दुःख फ्लिकरला होते तसे ते फेऱ्या घालणाऱ्यांनाही होते. ऑगस्ट २००८ मध्ये बुकहाइट यांनी ‘सिंपल अपडेट प्रोटोकॉल’ नावाची एक सूचना पुढे मांडली. ती वाचताना मला आमचे पोस्टमास्तर आठवले, कारण ती थेट त्यांची पाटीच आहे. यजमानाने प्रत्येक फीडला एक लहानसा क्रमांक द्यावा आणि एकच यादी ठेवावी. गेल्या काही क्षणांत ज्यांत बदल झाला त्यांचे क्रमांक तेवढे तीत असावेत. संकलकाने, समजा, मिनिटातून एकदा ती यादी पाहावी आणि तीत ज्यांचे क्रमांक असतील त्यांच्याच दारी जावे.

वरच्याच आकड्यांवर हे लावून पाहू. मिनिटाला एकदा यादी पाहिली तर दिवसाच्या १,४४० विचारणा. त्या दिवशी आलेल्या ६,७२१ जणांपैकी प्रत्येकाने पाच-पाच वेळा काही नवे चढविले असे उदारपणे धरले, तर आणखी ३३,६०५. दोन्ही मिळून ३५,०४५. कोठे २९ लाख आणि कोठे पस्तीस हजार! भार सुमारे ऐंशीव्या हिश्शावर येतो आणि उशीर तेवीस मिनिटांवरून मिनिटावर. लक्षात घ्यावे, की येथे मर्यादा वाढविलेली नाही की यंत्रे वाढविलेली नाहीत. ‘कोणाचे काय आले’ हे यजमानाला आधीपासून ठाऊक होतेच. ते त्याने खिडकीबाहेर लिहून ठेवले, एवढेच.

यापुढची पायरी म्हणजे विचारण्याची गरजच न ठेवता, आले की यजमानाने स्वतः कळविणे. दुपारी वसतिगृहात येणाऱ्या पोस्टमनसारखे. २००९ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी पबसबहबबब या विचित्र नावाची अशी पद्धत तयार केली. तीच सुधारून जानेवारी २०१८ मध्ये वेबसब या नावाने वेबच्या प्रमाणसंस्थेने स्वीकारली. ट्विटरनेही सभासदाच्या पानावरील नवे लेखन वाहत्या धारेसारखे पुरविण्याची सोय केली होती. या सर्व पद्धतींत एक अट समान आहे. पाटी टांगण्याची किंवा पोस्टमन पाठविण्याची इच्छा यजमानाला असावी लागते. ट्विटरने ती वाहती धार ऑगस्ट २०१८ मध्ये बंद केली आणि तीवर विसंबलेली बाहेरची ॲप्स पुन्हा मिनिटामिनिटाला खिडकीत विचारू लागली.

मर्यादेचा प्रश्न येथे तंत्राच्या बाहेर जातो. यजमान जोवर केवळ गर्दीच्या भयाने मर्यादा घालतो, तोवर काटकसरी पाहुणा आणि यजमान दोघांचे हित एकच असते. परंतु पाहुण्याच्या दारी लोक जमू लागले, जाहिराती यजमानाच्या घरी पाहण्याऐवजी लेखन तेवढे पाहुण्याकडे वाचू लागले, की मर्यादेचा हेतू बदलतो. ऑगस्ट २०१२ मध्ये ट्विटरने बाहेरच्या ॲप्सना एक लाख सभासदांचे कुंपण घातले. त्याचा सर्व्हरवरील भाराशी संबंध थोडाच होता. जानेवारी २०२३ मध्ये ट्वीटबॉट, ट्विटरिफिक यांसारख्या जुन्या ॲप्सची वाट पूर्वसूचनेवाचून बंद झाली, आणि फेब्रुवारीत एपीआयचा फुकट वापर संपविण्याची घोषणा झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे एकेक विचारणा वाचविली होती आणि ज्यांनी ती उधळली होती, त्या दोघांचीही वाट एकाच दिवशी बंद झाली. फ्रेंडफीडपुरते सांगावयाचे तर ती सेवा ऑगस्ट २००९ मध्ये फेसबुकने विकत घेतली आणि ९ एप्रिल २०१५ रोजी बंद केली.

रेडिट या चर्चास्थळाने २०२३ साली निराळा मार्ग घेतला. एपीआयवरील आपला मजकूर घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या आपली प्रारूपे घडवितात, मग तो फुकट का द्यावा, असा तेथील चालकांचा प्रश्न होता. त्यांनी मोठ्या वापरासाठी हजार विचारणांना ०.२४ डॉलर, म्हणजे चोवीस सेंट, असा भाव ठरविला. ऐकताना किरकोळ वाटतो. आयफोनवर रेडिट वाचण्यासाठी अपोलो नावाचे लोकप्रिय ॲप होते. त्याचे कर्ते क्रिस्टियन सेलिग यांनी आपला हिशेब जाहीर केला : महिन्याला ७०० कोटी विचारणा, दर सभासदामागे दिवसाला सरासरी ३४४. नव्या भावाने महिन्याचे सुमारे १७ लाख डॉलर, वर्षाचे २ कोटी. रेडिटचे म्हणणे असे पडले, की अपोलो इतर ॲप्सच्या मानाने जास्त विचारते. सेलिग यांना ते मान्य नव्हते. वाद कोणाचा खरा हे क्षणभर बाजूला ठेवू आणि समजा, की या लेखात सांगितलेले सर्व उपाय करून सेलिग यांनी ३४४ चे १०० केले असते. असे घडले असते तरी वर्षाचे बिल सुमारे ५८ लाख डॉलर झाले असते. ३० जून २०२३ रोजी अपोलो बंद झाले.